श्वास घ्या, धरा, सोडा

कशेडीत माझी ओळख ‘फोटोवाला’ अशी आहे. महाडच्या एका दवाखान्यात मी एक्स-रे आणि सीटी स्कॅन काढतो. पण फोटो काढतो तो फोटोवाला, असा गावाचा सरळ हिशेब. लग्न ठरलं की पत्रिकेबरोबर ‘कॅमेरा घेऊन ये’ असा निरोप येतो. माझ्या कॅमेऱ्यात नुसत्या बरगड्या येतात, त्यातली नवरी कुठली हे तिच्या मामालाही सांगता यायचं नाही, असं समजावलं, तर म्हणतात, ‘‘मग एवढं शिकलास तरी काय?’’

तसा आमच्या धंद्याचा आरंभ घरगुती फोटोनेच झाला. 22 डिसेंबर 1895 रोजी रॉन्टगेनसाहेबांनी बायकोच्या हाताचा एक्स-रे काढला. बोटांची हाडं आणि त्यावर अंगठी! बाई घाबरल्या म्हणतात. आमच्याकडची एकही आजी घाबरत नाही. फिल्म हातात घेते आणि विचारते, ‘‘नथ का नाही आली?’’ नथ मीच काढून ठेवायला लावलेली असते.

धातू काढणं हा स्वतंत्र सोहळा असतो. परवा घाटातले एक आजोबा छातीच्या फोटोला आले. बंडीच्या खिशातून अडकित्ता निघाला, चुन्याची डबी निघाली, गळ्यातून ताईत निघाला, कमरेतून किल्ल्यांचा जुडगा निघाला. शेवटी उरले ते आजोबा. त्यांना पाठमोरं उभं केलं, म्हणजे छाती पाटीला चिकटते आणि हृदय आहे त्यापेक्षा मोठं दिसत नाही. हनुवटी वर ठेवली, खांदे पुढे ढकलले, म्हणजे खांद्याची हाडं फुप्फुसावरून बाजूला होतात. मग आमचा मंत्र : श्वास घ्या, धरा! फोटो झाला. ‘‘सोडा’’ म्हटलं, तरी आजोबा तसेच. चेहरा वांग्यासारखा होत चाललेला. ‘‘आजोबा, सोडा की!’’ तेव्हा कुठे सोडला आणि म्हणाले, ‘‘भजनात ह्याच्या दुप्पट धरतो. तू घाई केलीस.’’

त्यांनाच पुढे सीटीला पाठवलं होतं. यंत्राचं ते भलंथोरलं भोक बघून भले भले चपापतात. आजोबा म्हणाले, ‘‘एवढाच? आपला कशेडीचा बोगदा दोन किलोमीटरचा हाय.’’

दिवसभर माझं काम एकच : माणसाला हलू न देणं. हललं की फोटो बिघडला. म्हणून गणपतीत मी घुंगरू बांधून जाखडीत उतरतो. तिथे उलटा न्याय, उभे राहिलात तर बिघडलं! मुंबईहून आलेले चाकरमानी, दोन फेऱ्यांत धापा टाकणारे पुतणे, सगळे गोल फिरत असतात आणि मधे शाहीरबुवा, ढोलकीवाला, झांजवाला ठाण मांडून बसलेले.

एका रात्री चहाच्या वेळी बुवांनी विचारलं, ‘‘तुझं ते सीटी चालतं तरी कसं?’’ म्हटलं, ‘‘बुवा, ही जाखडीच आहे. पेशंट मधे, तुमच्या जागी. भोवती एक्स-रेची नळी गरगर फिरते, तिच्या समोर टिपून घेणारे डिटेक्टर. सगळ्या बाजूंनी जे टिपलं त्याचा संगणक मेळ घालतो आणि न कापता आतला काप दाखवतो.’’ बुवांना ते पटलं. मग मी खरी गंमत सांगितली. हे यंत्र बनवणारे हाउन्सफिल्डसाहेब होते ईएमआय कंपनीत. म्हणजे गाण्याच्या तबकड्यांवाली कंपनी! कुत्र्याच्या छापाची आपली नाट्यगीतं त्याच घराण्यातली. त्यांच्या पहिल्या प्रयोगात एका कापाची मापं घ्यायलाच 9 दिवस लागले. ‘‘म्हणजे घट बसवून उठेपर्यंत!’’ बुवा म्हणाले. पुढे 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचं डोकं स्कॅन झालं आणि 1979 साली अ‍ॅलन कॉरमॅक यांच्याबरोबर साहेबांना नोबेल मिळालं.

‘‘गाणेवाल्यांनीच केलं ना शेवटी?’’ एवढं म्हणून बुवांनी कप खाली ठेवला. विज्ञानाचा तेवढा भाग त्यांनी आपल्या खात्यात जमा करून टाकला होता.

दुसऱ्या रात्री शक्ती-तुऱ्याचा सामना होता. आमच्या बुवांनी पुराणं बाजूला ठेवली आणि समोरच्या पार्टीला थेट सवाल टाकला : सुरी न लावता, रक्ताचा थेंब न सांडता, माणसाच्या पोटातलं सगळं कोण ओळखतं? बोला, नाहीतर हार माना!

समोरचे गांगरले. मी घाम पुसत कॉलर ताठ केली. गावापुढे माझ्या खात्याचा मान वाढायची वेळ आली होती. समोरचा शाहीर उठला, शांतपणे कानावर हात ठेवला आणि सुरात उत्तर दिलं : ‘‘सासू!’’

मांडव कोसळायचा तेवढा राहिला. बुवांनी माझ्याकडे बघितलं. बरोबर उत्तर ‘सीटी स्कॅन’ आहे, अशी तांत्रिक हरकत मला घेता आली असती. पण पहिल्याच ओळीत माझी आई बसली होती, आणि तिच्या शेजारी माझी बायको पदरात तोंड खुपसून हसत होती. दोघींच्या देखत सासूच्या विरोधात साक्ष द्यायची? मी उत्तर मान्य केलं आणि नाचायला लागलो.