गिगाबिटभाऊ

धानाच्या गोंदियात पूर्वी माणसाची पत राइस मिल ताशी किती टन काढते यावरून ठरायची. अलीकडे एक जमात निघाली आहे, ती आपली पत एमबीपीएसमध्ये सांगते. सिव्हिल लाइन्सपासून गोरेलाल चौकापर्यंत कुठल्याही बोळात शिरा, यातले एक भाऊ भेटतातच. आम्ही त्यांना गिगाबिटभाऊ म्हणतो. थट्टेत म्हणतो, पण त्यांना ते आवडतं.

भाऊंचा राऊटर बैठकीत, टीव्हीच्या वरच्या फळीवर. आठ अँटेना. खंडेनवमीला त्याला हळदकुंकू, एरवी पोराटोरांनी हात लावायचा नाही. पाहुणा चप्पल काढतो न काढतो तोच भाऊ विचारतात, "पासवर्ड देऊ का जी?" चहाचं नंतर बघू. मग मोबाइलवर वेगाचा काटा फिरवून दाखवण्याचा कार्यक्रम. तो राऊटरपासून दोन हातांवर उभं राहूनच बघायचा असतो. पाहुण्याला दंडाला धरून त्या जागी नेलं जातं.

खोक्यावर ३००० छापलंय. ही दोन पट्ट्यांची (बँडची) गोळाबेरीज, ५७४ आणि २४०२ ची, आणि तीही कागदावरची. मोबाइल बिचारा एका वेळी बहुधा एकाच पट्टीवर बसतो. त्यातून घरात येणारं कनेक्शन १०० एमबीपीएसचं. म्हणजे मिल दांडगी आणि धान येतंय बैलबंडीवर. हे भाऊंना सांगून बघा. "घरातल्या घरात तर पळते ना!" हे काही खोटं नाही. पुतण्याच्या लग्नाचं शंभर जीबीचं शूटिंग मोबाइलमधून कॉम्प्युटरवर टाकायला जुन्या राऊटरवर अर्धी रात्र गेली असती, इथे जेवणं उरकेपर्यंत झालं. पुतण्या मात्र एकच आहे. रोज टीव्हीवर चालते ती मालिका, आणि चार-के चित्राला सुद्धा वीस-पंचवीस एमबीपीएस पुरतात.

भाऊंची खरी अडचण भिंती. पाच गिगाहर्ट्झची लहर वेगाने माहिती नेते, पण विटांच्या भिंतीपुढे लवकर दमते. २.४ ची जुनी लहर हळू, पण चिवट. भाऊंचं घर आजोबांच्या काळातलं, भिंती दीड फुटी, त्यात मधल्या खोलीत लोखंडी कपाट. आणि दिवाळीच्या सुमारास आमगावकडच्या शेतातलं नवं धान येतं, त्याची पोती त्याच खोलीत रचतात. पाणी या लहरी पिऊन टाकतं. सरकारी खरेदी केंद्रावर धानात १७ टक्के ओलावा चालतो. भाऊंच्या राऊटरला तेवढाही चालत नाही. (साठ गिगाहर्ट्झचं यंत्र अजून त्यांच्या हाती लागलं नाही हे नशीब. त्याचा वेग अफाट, आणि मुक्काम एकाच खोलीत.)

"अहो, तो डबा मधल्या खोलीत ठेवा ना, सगळीकडे पोचेल," असं वहिनी कितीदा म्हणाल्या. शंभर टक्के बरोबर सल्ला. पण मधल्या खोलीत पाहुणा कशाला जाईल? आठ अँटेना काय धानाच्या पोत्यांना दाखवायच्या? भाऊंनी उत्तर म्हणून अँटेनांची तोंडं फिरवली. मग राऊटर चार बोटं वर सरकवला. मग मागच्या खोलीतल्या मुलीलाच म्हणाले, "बाई, तू थोडी दाराकडे सरकून बस."

मुलीची ऑनलाइन परीक्षा आली तेव्हा वहिनींनी भाऊंना विचारलंच नाही. वायरमन बोलावला आणि बैठकीतून मागच्या खोलीपर्यंत चौकटीच्या कडेने केबल ओढून घेतली. पेपर एकदाही अडकला नाही. भाऊ संध्याकाळी आले, केबल पाहिली, जरा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "तात्पुरती आहे." ती पाहुण्यांना दिसू नये म्हणून त्यांनी बाजारातून प्लॅस्टिकच्या झेंडूचं तोरण आणून वरून सोडलं. दसरा झाला, होळी झाली, तोरण आहे तिथंच आहे. कोणी विचारलं तर सांगतात, "आईला आवडते."