अस्सल मुंबईकर होऊ इच्छिणाऱ्यांसाठी सूचना

मुंबईत जन्मलात एवढ्याने तुम्ही मुंबईकर ठरत नाही. जन्माचा दाखला पालिका देते. मुंबईकर असल्याचा दाखला देतो तुमच्याआधी इथे आलेला माणूस, आणि तो सहसा देत नाही. तेव्हा तयारीला लागा.

आधी पत्ता. सरकारी हिशेबाने मुंबई शहर जिल्हा कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच. वांद्र्यापासून पुढे मुंबई उपनगर जिल्हा, तोही 1990 सालचा. गिरगावकराला हे तोंडपाठ असतं. त्याच्या लेखी अंधेरी हे मुंबईजवळचं एक गाव. अंधेरीकर बोरिवलीला हसतो, बोरिवलीकर मीरा रोडला, आणि मीरा रोडकर विरारचं नाव निघालं की हळहळतो. विरारकर मात्र बेफिकीर. गावच्या जत्रेत तो ‘मी मुंबईला असतो’ म्हणतो आणि सोमवारी सकाळी बायकोला सांगतो, ‘आज मुंबईला जायचंय, उशीर होईल.’ दोन्ही विधानं खरी! उमेदवाराने हे कसब शिकून घ्यावं आणि आपल्या पुढच्या स्टेशनात राहणाऱ्याला कमी लेखायला लागावं. फ्लॅटचा ताबा मिळाल्या दिवसापासून सुरुवात केली तरी चालते.

त्यानंतर जुनी नावं. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस असं पूर्ण म्हणणारा एकतर उद्घोषणेतला आवाज असतो किंवा कालच उतरलेला पाहुणा. ‘सीएसएमटी’ म्हणणारा 2017 नंतरचा समजावा. ‘सीएसटी’वाला त्याहून मुरलेला. ‘व्हीटी’ म्हणणाऱ्याची जीभ 1996 च्या आधीच वळलेली असते, तिच्याशी वाद घालू नये. कोणी सहज ‘बोरीबंदर’ म्हणालं, तर वाकून नमस्कार करावा. 1853 साली पहिली गाडी ठाण्याला निघाली ती तिथूनच, आणि गृहस्थांनी ती सोडायला हात हलवला असणं अगदीच अशक्य नाही. प्रभादेवीला अजून एल्फिन्स्टन म्हणत असाल, तर काठावर पास.

लोकलचं प्रात्यक्षिक अवघड आहे. तिघांच्या बाकावर चौथं बसायचं म्हणजे एक पाय, अर्धी मांडी आणि संपूर्ण आत्मसन्मान बाहेर लटकवायचा, आणि तरी चेहरा असा ठेवायचा की बाक आजोबांनीच करवून घेतला होता. पुढच्या स्टेशनात फलाट कोणत्या बाजूला येणार, हे झोपेतही सांगता आलं पाहिजे. जागेसाठी उलट दिशेने प्रवास करून सुरुवातीच्या स्टेशनातून बसून येणाऱ्यांना जादा गुण आहेत. आत शिरल्याबरोबर बसलेल्याला ‘कुठे?’ एवढंच विचारावं. त्याचं ‘घाटकोपर’ हे उत्तर म्हणजे नोंदणीकृत करार. त्यानंतर ती जागा तुमची, आणि तिसऱ्या कोणी तिच्याकडे नुसतं बघितलं तरी तो अतिक्रमणाचा गुन्हा. अंतर कधीही किलोमीटरमध्ये सांगू नये. सगळं जग ‘स्टेशनपासून पाच मिनिटांवर’ असतं.

पावसाबद्दल थोडं. प्रत्येक उमेदवाराकडे 26 जुलै 2005 ची एक गोष्ट हवीच. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, ही नोंद वेधशाळेची. तुमच्या गोष्टीतलं पाणी मात्र तुमच्या मालकीचं. ते आधी गुडघ्यापर्यंत होतं, हल्ली छातीपर्यंत आलंय, चढू द्यावं. तेव्हा जन्मच झाला नसेल तर वडिलांची गोष्ट वापरावी. हिंदमाताला पाणी तुंबल्याची बातमी आली की ‘यंदा लवकर तुंबलं’ असं पीकपाण्याच्या सुरात म्हणावं.

एवढं सगळं जमलं की उमेदवार दुसऱ्यांना नाकारायला पात्र ठरतो. ‘आता काही राहिलं नाही हो मुंबईत, बाहेरून किती लोक आले!’ हे वाक्य त्याच्या तोंडी आपोआप येतं. उच्चार साताऱ्याचा, रत्नागिरीचा, भुजचा, मंगळूरचा किंवा जौनपूरचा असला तरी हरकत नाही, सूर एकच लागतो.

या सगळ्या परीक्षांत एक अडचण आहे. पोर्तुगीज आणि इंग्रज यायच्या आधीपासून या सात बेटांवर राहणारा कोळी कधी परीक्षेला बसत नाही, आणि परीक्षक म्हणूनही त्याला कोणी बोलावत नाही. मुंबादेवी त्याची, तिच्यावरून नाव मिळालेलं शहर मात्र आपलं! वरळीचा कोळीवाडा आपण टॉवरच्या गॅलरीतून पाहुण्यांना दाखवतो, ‘व्ह्यू’ म्हणून.

माझं ऐकाल तर दाखल्यासाठी सिटीलाइटच्या बाजारात मासळी विकणाऱ्या मावशीकडे जावं. तिची परीक्षा सोपी आहे. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत तुम्ही ‘आजचं ताजं पापलेट आहे का?’ विचारलंत, की निकाल तिथेच लागतो. नारळी पौर्णिमेनंतर जा, कल्ला उचलून बघा, सांगितलेल्या भावाच्या निम्म्याने मागा आणि ती जे काही बोलेल ते मुकाट्याने ऐकून घ्या. दाखला ती देणार नाहीच. पण सुटे पैसे घेऊन जा.