भुयार कुठाय हो?

कोल्हापुरात पाहुणा आला की दिवसभराचा बेत यजमानाला पाठच असतो. सकाळी अंबाबाई, मग मिसळ, दुपारी तांबडा-पांढरा, संध्याकाळी रंकाळा आणि जाता जाता चपला. वस्तुसंग्रहालय बसतं ते मिसळ आणि रश्श्याच्या मधल्या फटीत. त्यामुळं तिथं माहिती सांगणाऱ्याची खरी झुंज पाहुण्याच्या अज्ञानाशी नसतेच, ती चुलीवर रटरटणाऱ्या मटणाशी असते.

हे दुखणं एकट्या कोल्हापूरचं नाही. बॉस्टनच्या कलासंग्रहालयातल्या बेंजामिन गिलमन नावाच्या गृहस्थांनी १९१६ साली संग्रहालयात येणाऱ्या थकव्यावर लेखच लिहिला. वाकून, मान वेळावून, उकिडवं बसून पेट्यांमध्ये डोकावणाऱ्या माणसाचे फोटो त्यांनी त्यात छापले. वस्तूंशेजारी बोलकी माणसं उभी करा, असा आग्रहही त्यांचाच. पण बोलकं माणूस मिळालं म्हणजे भागलं असं थोडंच आहे? बोलक्यांत एक जात सनावळी म्हणणाऱ्यांची. त्यांना मध्येच काही विचारलं की गाडी रुळावरून घसरते आणि पुन्हा पहिल्या राजापासून सुरू होते. दुसरी जात किमती सांगणाऱ्यांची: झुंबर केवढ्याचं, चांदी किती किलो. आणि तिसरी, सगळ्यांत लोकप्रिय, भुयारवाल्यांची. महाराष्ट्रात जुनी भिंत दिसली की तिच्याखालून कुठल्या तरी किल्ल्यावर भुयार गेलेलं असतंच. आपल्याकडची तर सगळी पन्हाळ्याला जातात. खरोखर एवढी भुयारं असती, तर पन्हाळा केव्हाच खाली बसला असता.

गंमत अशी, की पाहुण्याच्या लक्षात भुयारच राहतं. नव्या राजवाड्याची इमारत मेजर मँटनं आखली, हे घरी पोचेपर्यंत विरून जातं. पेंढा भरलेला वाघ टिकतो आणि भुयार टिकतं. म्हणजे बघणाऱ्यानं काय शिकायचं हे पेटीतल्या वस्तूपेक्षा दाखवणाऱ्याच्या जिभेवरच जास्त ठरतं.

माझ्या ओळखीचे एक निवृत्त मास्तर आहेत. कुणाचेही पाहुणे घेऊन ते टाउन हॉलमधल्या संग्रहालयात जातात. चहापलीकडं मोबदला घेत नाहीत. एकदा त्यांच्या मागं मीही गेलो होतो. बाकीच्या दालनांतून ते भराभरा निघाले. आबालाल रहिमान यांचं नाव मात्र त्यांनी टोपीला हात लावून घेतलं. मग सगळ्यांना उभं केलं ते वितीएवढ्याही नसलेल्या एका ब्राँझच्या मूर्तीपाशी.

‘‘काय दिसतंय?’’

‘‘माणूस,’’ एक पोरगं म्हणालं. ‘‘कपडे न्हाईत अंगावर.’’

‘‘हात वर का केलाय त्यानं?’’

‘‘रिक्षा थांबवाय लागलाय!’’

सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. ‘‘आसंल. पण मूठ बघ की. काय तरी धरलं असणार तिच्यात.’’

पोरानं काचेला नाक लावलं. काठी, भाला, मोबाइल असं करत करत ते त्रिशुळावर आलं आणि म्हणालं, ‘‘शंकर!’’

‘‘जवळ आलास. पण ह्यो शंकर न्हवं. ग्रीक लोकांचा समुद्रदेव. पोसायडन म्हणत्यात.’’

‘‘पण मास्तर, कोल्हापुरात समुद्र कुठाय?’’

मास्तर गप्प. त्यांना हवा असलेला प्रश्न आला होता आणि त्याच्यावर झडप घालायची त्यांना काहीच घाई नव्हती. आता मोठी माणसंही काचेकडं सरकली. मग सावकाश गोष्ट निघाली. पंचगंगेकाठची ब्रह्मपुरीची टेकडी, १९४०च्या दशकात तिथं प्रा. कुंदनगारांनी केलेलं खोदकाम, त्यात हाती आलेला ब्राँझचा साठा. मग १९४५-४६मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकळिया आणि दीक्षितांनी पद्धतशीर केलेलं उत्खनन. सातवाहनांचा काळ, कोकणातली बंदरं, तिथून घाट चढणारा माल. कुणा व्यापाऱ्यानं हौसेनं आणला असेल का हा देव? ‘‘तुम्हीच सांगा,’’ म्हणून मास्तरांनी ते तसंच सोडलं.

तेवढ्यात एका काकांनी नेहमीचं विचारलंच, ‘‘इथनं भुयार हाय म्हणं पन्हाळ्याला?’’

‘‘आसलं तर काढा की खणून,’’ मास्तर म्हणाले. ‘‘ब्रह्मपुरीत खणलं तवा ह्यो गडी गावला. भुयारापरीस बरा न्हवं?’’

एवढं कसब सगळ्यांकडं नसतं हे कबूल. पण कधी कधी ते भलत्याच ठिकाणी असतं. कणेरी मठावरच्या सिद्धगिरी म्युझियममध्ये बारा बलुतेदार आणि अख्खा गावगाडा पुतळ्यांतून उभा केलाय. पुतळे इतके हुबेहूब, की सांगणाऱ्याची गरजच पडू नये. तिथं आमच्या आत्याबाईंनी मोट म्हणजे काय हे नातवंडांना सांगायला सुरुवात केली. बैल मागं सरत कसे यायचे, पाणी पाटात पडताना आवाज कसा व्हायचा, मोटकरी कुठली गाणी म्हणायचा आणि त्यातली कुठली पोरींसमोर म्हणत नसे. जात्यापाशी आल्यावर त्या बसल्याच आणि खुंटा कसा धरायचा ते हातवारे करून दाखवू लागल्या. उठून पुढं निघाल्या तेव्हा त्यांच्या मागं चालणाऱ्यांत आमच्या घरची माणसं थोडीच होती. बाकी सगळी सांगली, बेळगाव, कुठली कुठली. त्यातल्या एका जावईबापूंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, ‘‘ह्या बाईंना द्यायचे किती?’’