मावशीचा जोगवा, शेठचा गल्ला

तुळजापुरात फुकट मिळणाऱ्या गोष्टी तशा कमीच. गाडी लावायचे पैसे, चपला सांभाळायचे पैसे, ओटीच्या नारळाचे पैसे. गाणं तेवढं फुकट. देवळाच्या वाटेवर देवीची गाणी म्हणणाऱ्या आराधी बायका बसलेल्या असतात. गळ्यात कवड्यांची माळ, हातात झांज, पुढ्यात परडी. तुम्ही थांबा नाहीतर पुढं जा, गाणं चालूच. वाटलं तर परडीत टाका, नाही टाकलंत तरी कडवं अर्ध्यावर तुटत नाही.

आमच्या ओळखीची एक आराधी मावशी आहे. गाणी सासूकडून आली, सासूला तिच्या सासूकडून. नवरात्रात तिच्यासमोर एकजण मोबाइल धरून उभा राहिला. भक्त असावा असं समजून मावशीनं दोन गाणी जास्त म्हटली. आठ दिवसांत गाणं मोबाइलवर आलं. 'सुपरहिट देवीगीत नॉनस्टॉप'. वर नऊवारीतल्या भलत्याच पोरीचा फोटो. खाली नामावळी (त्या माणसाला आपण शेठ म्हणू): गीत पारंपरिक, संगीत शेठ, निर्माता शेठ, सादरकर्ते शेठ, सर्व हक्क राखीव. संबळाच्या जोडीला ढुमढुम बीट चढवला होता, बहुधा तेच ते संगीत.

मावशीला दाखवलं तर ती खूश. "वाजू दे की. देवीचंच हाय ते."

पुढं तिच्या नातवानं घरच्या ओसरीवर तेच गाणं तिच्याकडून म्हणवून घेतलं आणि व्हिडिओच्या साइटवर टाकलं. दुसऱ्या दिवशी नोटीस! हे गाणं शेठच्या मालकीचं आहे, यावरच्या जाहिरातींचे पैसे आता शेठला जातील. असल्या साइटवर गाणी ओळखणारं यंत्र बसवलेलं असतं. त्याचा कान तयार म्हणायचा. दोन वेगळी रेकॉर्डिंगं, पण चाल एकच, हे त्यानं बरोबर ओळखलं. चाल कुणाची, तेवढंच चुकलं. हरकत घ्यायची सोय आहे. ती घेतली की उत्तर द्यायला 30 दिवस मिळतात, शेठला. उत्तर काय, 'दावा कायम' एवढं बटण दाबायचं.

तेव्हा मात्र मावशी भडकली. "माझं कुनीबी गावं. पन मलाच गाऊ नको म्हननारा ह्यो कोन?"

कायद्यात याचं उत्तर आहे का ते बघायला मी बसलो. 1957 चा कॉपीराइट कायदा गाण्याला पहिल्यांदा विचारतो, तुझा बाप कोण? पारंपरिक गाण्याला सांगण्यासारखा एक बाप नसतो, म्हणजे ते सगळ्यांचं. पण त्याचं रेकॉर्डिंग सगळ्यांचं नाही, ते निर्मात्याचं, तेही 60 वर्षं. लेकरू गावाचं, पण त्याच्या फोटोचा मालक वेगळा. म्हणजे कायद्यानं बघितलं तरी ओसरीवरच्या रेकॉर्डिंगशी शेठचा संबंध नाही. कायदा त्याहून पुढंही गेलाय. 1994 च्या दुरुस्तीनं गाणाऱ्यालाही हक्क दिला. त्याच्या परवानगीशिवाय गाणं रेकॉर्ड करून विकता येत नाही. 2012 मध्ये भर पडली की गाणाऱ्याला आपलं नाव लावून घेण्याचाही हक्क आहे. हे हक्क मोडले तर सहा महिने ते तीन वर्षं कैद, दंड 50 हजार ते 2 लाख. हे वाचून मी हरखलो आणि धावत जाऊन मावशीला सांगितलं.

तिनं विचारलं, "वकील किती घेतोय?"

शेठ एकटाच आहे असं नाही. एस. टी. स्टँडजवळच्या मोबाइलच्या दुकानात 'मेमरी भरून मिळेल' अशी पाटी असायची. आता ट्रॅक्टरवाल्यांसाठी पेन ड्राइव्ह भरून मिळतो. देवीची, भीमाची, विठ्ठलाची, लावण्यांची, सगळी एकाच पेन ड्राइव्हमध्ये गुण्यागोविंदानं. दुकानदाराला म्हटलं, ह्या बायका कोण गातायत? तो म्हणाला, "फोल्डर नंबर सात." जिल्ह्यातल्याच येरमाळ्याला चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत लाखो लोक चुन्याचे खडे वेचतात, येडाई देवीच्या नावानं. त्या खड्यांवर अजून कुणी हक्क राखून ठेवलेले नाहीत. कुणाच्या लक्षात आलेलं नसावं.

बरं, जुनी माणसं काही भोळी नव्हती. याच जिल्ह्यातल्या तेरच्या गोरोबाकाकांनी अभंगाच्या शेवटी आपलं नाव घातलं. नामदेवांनी, जनाबाईंनी, तुकोबांनी तेच केलं. शाहीर तर शेवटच्या कडव्यात नावाबरोबर गाव आणि गुरूही सांगून टाकतो. हे नाव खोडायचं तर यमक मोडतं! गंमत म्हणजे त्या काळी लबाडी उलट्या दिशेनं चालायची. लोक स्वतः अभंग रचत आणि खाली 'तुका म्हणे' लिहीत. आपली मेहनत दुसऱ्याच्या नावावर. असे चोर आता मिळत नाहीत.

आराधी बायकांच्या गाण्यात मात्र नाव असतं ते देवीचं. गाणारीचं नसतं. शेठला तेवढी फट पुरली.

नाव लिहायला फार खर्च येतो असंही नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांमधून जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या. त्याही पारंपरिकच. तरी ओवी कुणी गायली, कुठल्या गावी, हे त्यांनी टिपून ठेवलं. आज त्यांतल्या कितीतरी ग्रामीण भारताच्या 'पारी' या ऑनलाइन संग्रहाच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट ऐकता येतात, बाईच्या नावासकट. 'पारंपरिक' म्हटलं की नाव पुसायचं, हा नियम शेठच्या ऑफिसातला. परंपरेला तो ठाऊक नाही.

मी नातवाला धीर देतो. म्हटलं, आपल्या जिल्ह्याला धाराशिव हे नाव कागदावर मिळायला 2023 उजाडलं. आजीच्या नावाला थोडा वेळ लागायचाच. तो म्हणाला, "काका, जिल्ह्याच्या नावाला मोर्चे तरी निघाले."

ते खरंच. मोर्चा काढायचा म्हटलं तरी मावशीला नवरात्रात सवड नाही आणि बाकीच्या वर्षात बसभाडं नाही. तिनं आपल्यापुरता तोडगा काढलाय. हल्ली कुणी मोबाइल उचलला की ती झांज थांबवते, आधी खणखणीत आवाजात स्वतःचं नाव सांगते, गाव सांगते, सासूचं नाव सांगते, आणि मग देवीला हाक मारते.

तेव्हा यंदा घटस्थापनेला तुळजापुरात येणार असाल तर एक विनंती. रेकॉर्डचं बटण दाबायच्या आधी बाईंना नाव आणि गाव विचारा, आणि ते त्यांच्याच तोंडून रेकॉर्डिंगमध्ये येऊ द्या. शेठला ते कापता येतं, पण तेवढी मेहनत तो घेत नाही.