भिकूशेठ म्हात्रे यांस,

भिकूशेठ,

परवा पनवेलजवळच्या एका गावात हळदीला गेलो होतो. मांडव सबंध रस्ता अडवून, तो रिवाजच आहे. कोपऱ्यात लग्नगीतं म्हणणारी धवलारीण बसलेली, सत्तरी ओलांडलेली. नवऱ्या मुलाला हळद लागायला लागली तसा तिनं धवला धरला. दुसऱ्या ओळीपर्यंत पोचते न पोचते, तोच डीजेवाल्यानं बटण दाबलं आणि स्पीकरमधून तुम्ही गरजलात: मुंबईचा राजा कोण? पाचपन्नास पोरांनी तुमचंच नाव ओरडून मांडव डोक्यावर घेतला. नवऱ्याचा मामेभाऊ थारच्या बॉनेटवर चढला आणि हात पसरून उभा राहिला. धवलारणीनं तोंड मिटलं, पदर सावरला आणि पानाचा डबा उघडला.

म्हणून हे पत्र.

आधी अभिनंदन. ३ जुलै १९९८ ला रामगोपाल वर्मांचा 'सत्या' लागला, तेव्हापासून जाणकार त्याला डोक्यावर घेऊन नाचताहेत. हिंदीतला सगळ्यात अस्सल गुंडपट म्हणे. तुमचं काम करणाऱ्या मनोज वाजपेयींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो योग्यच. सिनेमा सत्याच्या नावाचा, पण आमच्याकडे बुलेटच्या नंबरप्लेटवर सत्या कुठेच नाही. तिथे तुम्ही.

किरकोळ तक्रारी आहेत. म्हात्र्यांच्या घरात 'प्यारी' नावाची सून कोणी आणली? आणि एवढे अस्सल तुम्ही, तर तोंडून आगरी शब्द एक नाही? असो.

खरी तक्रार तुमच्या त्या राजेपणाची. शेठ, तुम्ही राजे कधी होतात? खडकावर उभं राहून समुद्राला विचारलंत, ठीक. समुद्र काय बोलणार! पण जमिनीवर हुकूम पुढारी भाऊ ठाकूरदासचा चालत होता. वैरी टोळीच्या गुरू नारायणला हात लावू नको म्हणाला, तुम्ही लावलात. भाऊनं निवडणूक होऊ दिली, निवडून आला, विजयाच्या पार्टीला गोड बोलून बोलावलं आणि डोक्यात गोळी घातली. एक गोळी. राजाला मारायला फौजफाटा लागतो, नोकराला एक पुरते. अख्ख्या सिनेमात खरं काय असेल तर हा प्रसंग. 'सत्या'ला जी काय कीर्ती द्यायची ती याच्यासाठी द्या, माझी ना नाही. पण पोरांच्या मोबाइलमधली क्लिप खडकावरच संपते. आणि जाणकारांच्या लेखातही खडकच पुढे असतो.

शेवटी पडद्यावर वर्मांनी लिहिलंय, की सत्यासाठी त्यांचे जितके अश्रू, तितकेच त्यानं मारलेल्यांसाठी. मोठं मन! पण मारलेल्यांपैकी एकाचं तरी नाव त्या मांडवातल्या कोणी सांगून दाखवावं.

आता आडनावाचं. पनवेल-उरणात दगड मारला तर म्हात्र्यालाच लागतो. मास्तर म्हात्रे, मिठागरात पाय कुजवलेले म्हात्रे, भातशेती गेलेले म्हात्रे. १९७० साली सिडको आली आणि ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई बेतली गेली. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जमिनीच्या भावासाठी रस्त्यावर उतरलेल्या शेतकऱ्यांवर जासई-नवघरकडे पोलिसांनी गोळ्या झाडल्या, पाच जण हुतात्मा झाले. दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क आला. आज पोरगा ज्या थारच्या बॉनेटवर नाचतो, ती त्याच साडेबारा टक्क्यांची! यावर कुणी 'सत्या'च्या तोडीचा सिनेमा काढला? आणि तुमचा सिनेमा थाटात पुन्हा प्रदर्शित झाला तो कधी, तर १७ जानेवारी २०२५ ला. हुतात्म्यांच्या दिवशी. मुद्दाम नसेल केलं, ठाऊकच नसेल. ते जास्त लागतं. (वासुदेव बळवंत फडक्यांचं शिरढोणही इथलंच. त्यांनी दरोडे घातले, पण खडकावर उभं राहून मी कोण असं विचारत बसले नाहीत.)

भिकू, आता अहो-जाहो पुरे. तुझ्यावर तरी किती चिडू? तू आमच्या नाक्यावरचाच आहेस. वाढदिवसाच्या बॅनरवर भाऊंचा फोटो हातभर, खाली काळे चष्मे लावलेल्या पोरांची मुंडकी ओळीनं, पासपोर्टच्या मापाची. त्यातलं एक तुझं. भाऊंचा प्लॉट, भाऊंची खरेदी, भरणीचं काम भाऊंच्या माणसाला. राडा झाला की एफआयआरमध्ये नाव मात्र पोरांचं. सिनेमात सत्यानं गणपती विसर्जनाच्या गर्दीत भाऊला संपवलं, लोकांनी टाळ्या पिटल्या. तिथेच तो अस्सल सिनेमा खोटं बोलला, बाबा. इकडे भाऊ मरत नाहीत, पक्ष बदलतात.

प्यारीवहिनींना नमस्कार सांग. तुझ्या मागे त्यांचं आणि पोरांचं काय झालं, ते वर्मांनी दाखवलं नाही. वर्मांना ते बघायचं असेल तर तारखेच्या दिवशी पनवेलच्या कोर्टाबाहेर यावं. कडेवर पोर, हातात जामिनाचे कागद, आणि भाऊंचा फोन सकाळपासून बंद.

तुझा आडनावबंधू,
एक म्हात्रे, पनवेल