परिमंडळ तीनचे पोट

आपल्या राज्यात कामगाराला भूक किती लागते, हे पालिकेची हद्द ठरवते. किमान वेतनासाठी बहुतेक धंद्यांत महाराष्ट्राचे तीन तुकडे केलेले आहेत: ढोबळमानाने महापालिका म्हणजे परिमंडळ एक, नगरपालिका म्हणजे दोन आणि उरलेला सगळा मुलूख तीन. तोच लेथ, तोच नट, तेच आठ तास. हद्दीचा फलक ओलांडला की कुशल कामगार स्वस्त. इचलकरंजी 2022 साली आणि जालना 2023 साली नगरपालिकेतून महापालिकेत गेले. या व्याख्येप्रमाणे तिथल्या लोकांच्या जठराग्नीत अधिसूचनेच्या रात्रीच काहीतरी उलथापालथ झाली असणार. वैद्यकशास्त्राने तिची दखल घेतली नाही, हे शास्त्राचे दुर्दैव.

खेड्यात स्वस्ताई असते, हे यावरचे ठरलेले उत्तर. असते, घरभाड्यापुरती. तेलाच्या पिशवीवर, तापाच्या गोळीवर, मोबाइलच्या रिचार्जवर परिमंडळवार किंमत कुणी छापलेली पाहिली आहे? सरकारलाही हे पक्के ठाऊक आहे. सरकारी कारकुनाचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मुंबईत जो, तोच एखाद्या लहानशा तालुक्याच्या गावात. गावाचा आकार पाहून कमीजास्त होतो तो मुख्यतः घरभाडे भत्ता. म्हणजे आडगावात कारकुनाचे फक्त छप्पर स्वस्त होते आणि कामगाराचे छपरासकट तेल, औषध आणि पोराची वहीसुद्धा. 2019च्या वेतन संहितेने देशभरासाठी तळाचे वेतन आणले खरे, पण तेही भूभागानुसार वेगवेगळे ठेवायची मुभा देऊनच.

इथे हरले की विद्वान मंडळी दुसरा पत्ता टाकतात: उत्पादकता. मागास भागातला कामगार कमी पिकवतो, म्हणून कमी घेतो. ही उत्पादकता मोजतात कशी? कारखान्याचे निव्वळ मूल्यवर्धन भागिले कामगारांची संख्या. यंत्र नवे की आजोबांच्या काळातले, वीज किती तास टिकली, मालाला काय भाव आला, हे सगळे त्या आकड्यात कालवलेले असते आणि नाव मात्र कामगाराचे लागते. खर्चीवर, म्हणजे दुसऱ्याचे कापड मजुरीने विणून देणाऱ्या यंत्रमागधारकाचे पाहा. सूत व्यापाऱ्याचे, कापडही व्यापाऱ्याचे. याच्या हाती येते ती 'पिका'वरची, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या हिशेबाने मिळणारी मजुरी. हिशेबाच्या भाषेत त्याचे उत्पादन म्हणजे ही मजुरीच. व्यापाऱ्याने दर पाडला की त्याच मागावर, तितकेच मीटर विणूनही, मागापाशी उभ्या माणसाची उत्पादकता पडते. मग ती पडली म्हणून त्याचा पगार दाबायचा, पगार दबला की खर्ची आणखी कमी दरात परवडते, आणि दर उतरला की पुढच्या तक्त्यात हा माणूस आणखी आळशी दिसतो. याला अर्थशास्त्र म्हणतात. खरे तर ही उघड लबाडी आहे, फक्त दशांश चिन्ह लावून केलेली. तसे नसेल तर नांदेडहून रात्रीच्या गाडीने निघालेला आयटीआय झालेला पोरगा सकाळी चाकणला उतरून नव्या यंत्रापुढे उभा राहतो आणि दुप्पट-तिप्पट 'उत्पादक' कसा ठरतो, ते कुणीतरी सांगावे. गाडीत तर तो झोपलेला होता.

यावर शेवटचा आक्षेप जरा वजनदार आहे: मजुरी सारखी केली तर मागास भागात कारखाना येईलच कशाला? पण मजुरी सारखी नसताना तरी तो कुठे आला? मागास भागात जाणाऱ्या उद्योगांना सरकारी सवलती 1964पासून चालू आहेत. तालुक्यांना अ, ब, क, ड अशा श्रेण्या दिल्या, ड अपुरा पडला तेव्हा त्यापुढे अधिक चिन्ह लावले, विजेचे शुल्क आणि मुद्रांक माफ केले. तरी कारखाने मुंबई, ठाणे आणि पुण्याभोवतीच दाटीवाटीने बसले, जिथे मजुरी सर्वांत महाग. कारखानदार बंदर, रस्ता, सुट्या भागांचा पुरवठादार आणि न जाणारी वीज पाहतो. नुसत्या स्वस्त हातांनी उद्योग येत असते, तर एव्हाना गडचिरोलीत भूखंडासाठी चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या असत्या.

त्याच गडचिरोलीत नेमणूक झालेल्या सरकारी कर्मचाऱ्याला एकस्तर वरची वेतनश्रेणी मिळते, कारण तिथे राहणे खडतर आहे. रास्तच आहे ते. त्याच तालुक्यातल्या भात गिरणीत पोती उचलणारा परिमंडळ तीनमध्ये, कारण तिथे राहणे स्वस्त आहे.