अपडाऊनवाल्यांची डबासंहिता

बुलडाणा जिल्ह्यात माणूस एक तर घाटावरचा असतो, नाही तर घाटाखालचा. उरलेला सकाळी राजूर घाट उतरतो आणि संध्याकाळी चढतो. त्याला अपडाऊनवाला म्हणतात. कागदोपत्री तो नोकरीच्या मुख्यालयीच राहतो, त्यामुळे त्याचा डबाही कागदोपत्री तिथेच शिजतो. प्रत्यक्षात तो डबा एसटीच्या रॅकवरून वळणावळणाला खाली बसलेल्याच्या डोक्याचा वेध घेत असतो. प्रस्तुत सूचना अशा डब्यासाठी आणि जमल्यास त्याच्या मालकासाठी आहेत.

आरंभ हिशोबाने करावा. समजा, बाहेरचा नाश्ता, जेवण आणि चहा मिळून रोज ७० रुपये जातात. महिन्याचे २५ दिवस धरले तर १,७५० आणि वर्षाचे २१,००० रुपये. या आकड्याखाली दोन रेघा ओढाव्यात. मात्र तो घरी मोठ्याने वाचू नये. सोयाबीनचं बियाणं, मुलीची फी आणि मेहुण्याचं लग्न ही तिन्ही खाती अशा आकड्यांवर टपलेली असतात.

डब्यात काय न्यावं, हे ऋतू ठरवतो. मे महिन्यात घाटाखाली पारा ४४-४५ अंशांना टेकतो. शिजलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नका, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपला डबा सकाळी सातला भरतो आणि दुपारी दीडला उघडतो. मलकापूरच्या बसस्थानकावर दुपारी बारा वाजता उभं राहून कुणी हा नियम लिहिलेला दिसत नाही. तेव्हा वरण-भात, दह्यातली कोशिंबीर, ओल्या नारळाचं काहीही उन्हाळ्यात नेऊ नये. ते वाटेतच आपलं मत बदलतं. ज्यात पाणी कमी ते टिकतं, हे आपल्या आज्यांना प्रयोगशाळेविना ठाऊक होतं. म्हणून ज्वारीची भाकर, कोरडं बेसन, जवसाची किंवा शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि एक अख्खा कांदा. कांदा घरून चिरून नेऊ नये. तो स्टाफरूममध्ये टेबलावर बुक्की मारून फोडावा. कार्यालयात दाखवता येईल असं तेवढंच शौर्य शिल्लक आहे.

घाटाखालच्यांनी कळण्याची भाकर न्यावी. ज्वारीत उडीद दळून घातला की ज्वारीच्या प्रथिनांत जे लायसिन कमी पडतं, ते उडदातून भरून निघतं. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष जाहीर केल्यापासून भाकरीला जरा इज्जत आली आहे. पूर्वी डब्यातली भाकर लपवून खाणारे आता तिचा फोटो काढतात. फोटो काढावा, हरकत नाही. पण भाकर गरम असताना झाकण लावू नये. वाफेचं पाणी होतं आणि दुपारी डब्यातून भाकरीऐवजी ओला पुठ्ठा निघतो. ठेच्याबाबत एक कटू सूचना: दिवसाला पाच ग्रॅम म्हणजे चमचाभर मीठ पुरे, असं वैद्यकशास्त्र म्हणतं. ठेचा, लोणचं आणि पापड एकाच डब्यात असतील तर रात्रीच्या वाट्याचंही मीठ दुपारीच संपलं समजा.

आता खरा शत्रू. तो सकाळी अकराला येतो आणि कचोरी या नावाने ओळखला जातो. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी शेगाव रेल्वे स्थानकावर ती विकायला सुरुवात केली आणि पुढे गावाच्या नावानेच ती प्रसिद्ध झाली. ज्या शेगावात गजानन महाराजांना झुणका-भाकरीचा नैवेद्य दाखवतात, त्याच गावात उतरलेला भाविक आधी कचोरीचं दर्शन घेतो. तिथे आपल्यासारख्या साध्या लिपिकाने किती टिकाव धरावा? तळणीच्या तेलात पोलर संयुगं २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल टाकून द्यावं, असा नियम देशात १ जुलै २०१८ पासून आहे. गाडा कुठलाही असो, हा आकडा कढईत डोकावून कळत नाही, आणि तळलेली मिरची हातात आल्यावर आठवत नाही. उपाय एकच: डबा साडेदहालाच उघडून अर्धी भाकर खाऊन घ्यावी. भरल्या पोटी माणूस तत्त्वनिष्ठ राहतो.

डबा उघडताना तो भिंतीकडे तोंड करून उघडू नये, संशय येतो.

"काऊन भाऊ, आज काय आणलं?"

"बेसन."

"पुन्हा?"

"तुले पाह्यजे का नाई, तेवढं सांग."

पाहिजेच असतं. हिवाळ्यात भरलेल्या डब्यात वांग्याचं भरीत असेल तर मालकाला वासावरच समाधान मानावं लागतं. म्हणून भरीत नेहमी दोन डब्यांत न्यावं आणि दुसरा दाखवू नये.

राहता राहिला हिशोबातला एक रकाना. सरकारने १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर दिली, २०२० मध्ये दहा रुपयांत शिवभोजन थाळी दिली. दोन्ही वेळा उरलेली रक्कम तिजोरीतून गेली. आपल्या डब्याचं अनुदान पहाटे पाचला उठणारी बायको किंवा आई भरते, आणि आपण वर्षाअखेरीस २१,००० वाचवल्याचं स्टाफरूममध्ये सांगतो. हा रकाना ज्यांना भरायचा असेल त्यांनी स्वतः परातीपुढे बसावं. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून ते कढत पाण्यात भिजवावं आणि तळहाताने खूप मळावं. पहिल्या भाकरीला मधोमध भोक पडेल. लोणारला विवर पडायला अशनी लागला, इथे आपला अंगठा पुरतो. ती भाकर टाकू नये, स्वतःच्याच डब्यात भरावी.

थापणं अगदीच जमलं नाही तर संध्याकाळी डबा तरी स्वतः घासावा, आणि आल्या आल्या घासावा. ठेच्याचं तेल झाकणाच्या रबरात बसतं. रात्रभर राहिलं तर सकाळी निघत नाही.